एका दिवसाचं सामान

मिझाची पिशवी आदल्या संध्याकाळीच भरून झाली होती. चेन ओढताना तिला क्षणभर वाटलं, की या घरातून उद्या तरी एक काम वेळेवर होणार. असं वाटून घेऊ नये माणसानं, निदान तातूआत्या घरात असताना तरी.

पिशवीत फार काही नव्हतं. स्टीलच्या बाटल्यांत पाणी, उकडलेला कसावा, अंडी, बाबांचे बंद बूट आणि टोपी, त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, बसायला एक जुना कांगा, बायका नेसतात ते छापील सुती कापड, आणि काचेच्या बाटलीत गुलाबपाणी. जंगली जनावरांच्या पार्कातल्या रक्षक एलिनीमानं फोनवर जेवढं सांगितलं, तेवढंच. एलिनीमा डोंगराकडची, बोलायला तोडून टाकल्यासारखी, पण मिझाला ती आवडली होती, कारण आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी नमस्कार-चमत्काराचं पाल्हाळ न लावता मुद्द्याचं बोललं होतं.

"हे बघा ताई," ती म्हणाली होती, "वर ऊन आणि खाली शिंपल्यांची धार. म्हणून पाणी, बूट, टोपी. खायचं कोरडंच आणा, वास सुटला की बबून माकडं अंगावर येतात. प्लॅस्टिकची पिशवी एकही नको, फाटकावर काढून घेतील. ऊद पेटवायचा नाही, गवत वाळलंय. गाडीत माझ्यासाठी एक जागा ठेवा, मी बरोबर असल्याशिवाय तुम्हाला आत सोडणार नाहीत, वाटेत म्हशी असतात. आणि सगळ्यात मोठं काय, सकाळच्या ओहोटीतच खाडी ओलांडून परत अलीकडे यायचं. पाणी फिरलं, की मग तुमची परवानगी घेऊन तुम्ही काठावर बसा."

मकुंगुनी खाडीपलीकडे. ते बाबांचं जुनं गाव. पार्क झालं तेव्हा गाव उठलं, माणसं इकडे म्टोनीला आली. तिकडे नारळ राहिले आणि कबरी राहिल्या, आणि त्यांतली एक फेरुझीची. फेरुझी म्हणजे बाबांचा पहिला मुलगा, मिझाच्या जन्माआधीच तापानं गेलेला, आठ महिन्यांचा. मिझाच्या आईनं जन्मभर एकच हट्ट धरला होता, की मला त्याच्या शेजारी ठेवा. तिचं दुखणं वाढलं तेव्हा बाबा त्यासाठी पार्कच्या कचेरीत जाऊन दिवसभर बाकावर बसून आले. आता तिथं दफन करता येत नाही, असं उत्तर मिळालं. घरी येऊन त्यांनी ते जसंच्या तसं सांगितलं, आवाजसुद्धा न चढवता.

त्यावर आईनं कूस बदलली. मग म्हणाली, "मग निदान त्याला जाऊन सांगा, मी कुठे आहे ते. नाहीतर पोर शोधत बसेल."

बाबांनी 'हो' म्हटलं. चार दिवसांनी ती गेली. असला निरोप दुसऱ्याच्या तोंडी धाडायचा नसतो, रक्तातल्या माणसानं, त्यातून बापानं, स्वतः तिथं जाऊन सांगायचा असतो, हे मकुंगुनीच्या माणसांना कुणी शिकवावं लागत नाही. बाबांनी खेटे घालून घालून एका दिवसाची परवानगी आणली, तोवर वर्ष होत आलं. आता मोठा पाऊस तोंडावर होता. तो सुरू झाला की रस्ता बंद. आणि पुढच्या वर्षी बाबांचे गुडघे गाडीत चढू देतील की नाही, हे त्या गुडघ्यांनाच ठाऊक. त्यामुळे उद्याचा दिवस हाच दिवस होता, आणि मिझानं तो आपल्या पिशवीत व्यवस्थित बंद करून ठेवला होता.

घात केला तो बाबांनीच.

आमच्या किनाऱ्यावर माणूस घास तोंडात घालण्याआधी रस्त्यानं जाणाऱ्याला 'या ना जेवायला' म्हणतो. जाणारा 'चालू द्या, चालू द्या' म्हणतो आणि पुढे जातो. कुणी बसणार नाही हे दोघांनाही माहीत असतं, पण न बोलावणारा माणूस माणसांत जमा नाही. त्या संध्याकाळी मशिदीबाहेरच्या ओट्यावर बाबा तसंच सहज म्हणून गेले, "उद्या मकुंगुनीला जातोय. चला ना." समोर म्झे जोंगो आणि म्झे फराजी हे दोन म्हातारे बसले होते. दोघेही मकुंगुनीचेच. गाव उठल्यापासून त्या गावाला 'चला' म्हणून त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि 'हो' म्हणाले.

बाबांनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मिझानं हातातला पेला खाली ठेवला.

"बाबा, गाडी आठ जणांची आहे. सेफू गाडी चालवणार, मग तुम्ही, मी, आत्या, हमादी. एलिनीमाला जागा लागते. त्यात हे दोघे. झाली गाडी भरून."

"मग बसतंय की सगळं," बाबा म्हणाले.

"आता आणखी कुणाला काही बोलू नका. कुणी वाटेत भेटलं तर खोकला आल्यासारखं करा."

बाबा हसले. पण तिकडे तातूआत्यानं स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजारच्या बी रुकियाला बोलावणं करून टाकलं होतं. तेही सहजच.

सकाळी मिझा उठली ती मसाल्याच्या वासानं. अंगणात तीन दगडांवर आत्याचं लग्नातलं पातेलं चढलं होतं. हे पातेलं उचलायला दोन माणसं लागतात आणि एरवी ते माळ्यावर असतं.

"आत्या, हे काय आहे?"

"डोळे चोळ जरा. पुलाव आहे."

"आपल्याला निघायचंय आत्ता!"

"मग निघू की. दम द्यायचा राहिलाय नुसता."

"अगं, कोरडं आणा म्हणून सांगितलंय तिनं! माकडं येतात!"

"माकडं सगळीकडेच येतात. म्हणून मेलेल्यांच्या दारात जाऊन सुका कसावा चघळू का? चार माणसांना जेवू घातल्याशिवाय कबरीवरून परत यायचं नसतं. लोक काय म्हणतील?"

"कोण लोक? तिथं सगळे मेलेत, आत्या!"

"तेच जास्त बोलतात," आत्या म्हणाली आणि झाकणावर निखारे ठेवायला लागली.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. हमादी, मिझाचा धाकटा भाऊ, दार-एस-सलामहून आदल्या रात्री आला होता, तो बर्फाची पेटी घेऊन बाहेर आला. पेटीत सोड्याच्या बाटल्या. तिच्यामागून कोळशाची शेगडी आणि लोखंडी जाळी.

"ही कशाला?"

"वाटेत मासे मिळाले तर भाजता येतील, ताई."

"हमादी, आपण बाबांना फेरुझीकडे नेतोय. सहलीला नाही चाललो."

"मग बाबांनी मासे खाऊ नयेत असं आहे का?"

या माणसाशी बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मिझा गाडीकडे गेली, तर तिथं सेफू दोन चटया, तीन प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि ती शेगडी टपावर बांधत होता. खुर्च्या कुणी दिल्या हे त्यालाही सांगता येईना. बी रुकिया नवा कोरा कांगा नेसून, हातात छत्री आणि काखेत उशी घेऊन आधीच मधल्या ओळीत बसली होती. उशी कंबरेसाठी. म्झे जोंगो आणि म्झे फराजी इस्त्रीचे पांढरे झगे घालून अंगणात उभे होते आणि बाबा त्यांची विचारपूस करत होते. घर कसं आहे, रात्र कशी गेली, गुडघा कसा आहे, सुनेचा खोकला कसा आहे, बकरी व्याली का. मग त्यांनी बाबांना तेच सगळं विचारलं. मिझा बाजूला उभी राहून दात खात होती. ऊन नारळाच्या शेंड्यावरून खाली उतरायला लागलं होतं.

शेवटी पातेलं आलं. हमादी आणि सेफूनं ते फडक्यांनी धरून आणलं, कडेनं वाफ येत होती.

"टपावर," मिझा म्हणाली.

"टपावर?" आत्या किंचाळली. "त्या रस्त्यानं? मकुंगुनीला पोचेपर्यंत पुलाव म्टोनीभर सांडलेला असेल!"

"मग मागे टाक."

"मागे बर्फाची पेटी आहे," हमादी म्हणाला.

पातेलं सीटवर बसलं. दाराजवळच्या, ऐसपैस सीटवर, जिथं बाबांचा दुखरा पाय सरळ पसरता आला असता. आत्यानं त्याला पट्टासुद्धा लावला.

मिझानं वळून बाबांकडे पाहिलं. तिला वाटलं, आता तरी हा माणूस बोलेल. आज त्याचा दिवस आहे. एकदा नुसतं म्हणेल, की ही जागा माझी आहे.

"मी बोडाबोडावर येतो ना मागून," बाबा म्हणाले. "बरं असतं. वारा लागतो."

"बाबा!"

"पाहुण्यांना उतरवायचं का मग, बाळ?"

कोपऱ्यावरच्या भाड्याच्या मोटारसायकलीवर बाबा बसले, एका हातानं टोपी धरून. भीड भिकेची बहीण म्हणतात. या माणसाच्या घरी ती थोरली होऊन राहिली होती.

रस्त्यात मिझानं सारखी मान वळवून पाहिली, पण मागच्या काचेतून बर्फाची पेटी आणि धूळ यांपलीकडे काही दिसत नव्हतं. घायपाताची शेतं गेली, मिठागरं गेली. गाडीत म्झे जोंगो आणि म्झे फराजी मकुंगुनीच्या विहिरी मोजत होते, कुठली गोडी, कुठली मचूळ. बी रुकियाला उलटीसारखं होत होतं म्हणून सेफू दोनदा थांबला. दर वेळी बाबांची मोटारसायकल मागून येऊन थांबायची आणि बाबा धुळीनं माखलेल्या तोंडानं विचारायचे, "सगळं ठीक ना?"

फाटकावर एलिनीमा उन्हात उभी होती. खांद्याला बंदूक, हातात काही नाही. तिनं आधी टपाकडे पाहिलं, मग खिडकीतून आत पाहिलं, मग मिझाकडे. मिझाला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"मी काय सांगितलं होतं, ताई?"

"मला विचारू नका," मिझा म्हणाली. "हात जोडते. पुढचं बोला."

पुढचं बोलायला वेळ लागला. आत्यानं वाडगी, कांदे, मीठ, लिंबं, सगळं प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून आणलं होतं. ते एकेक सोडून कांग्यांत बांधायला लावलं. ऊददाणी काढून घेतली, त्यावर आत्या पाच मिनिटं भांडली आणि हरली. मग एलिनीमानं मागच्या मोटारसायकलीकडे बोट केलं.

"हे आजोबा कोण?"

"हेच तर मुख्य आहेत," मिझा म्हणाली. "परवानगी यांच्याच नावावर आहे."

एलिनीमानं एकदा मोटारसायकलीकडे आणि एकदा सीटवरच्या पातेल्याकडे पाहिलं. पट्टा लावलेल्या.

"मोटारसायकल आत जात नाही. जनावरं आहेत. आजोबा गाडीत बसतील आणि मीही. दोघांना उतरवा. आणि लवकर, पाणी फिरायला आलंय."

आणि इथं जे झालं ते दुसरीकडे कुठे झालं नसतं. दुसरीकडची माणसं जागेसाठी भांडली असती, एखाद्याला धक्का देऊन खाली काढलं असतं, आणि प्रश्न मिटला असता. इथं सगळेच उतरायला तयार झाले.

"मी उतरतो," म्झे जोंगो बाबांना म्हणाले. "नासिबू, तुम्ही बसा."

"छे छे, तुम्ही माझे पाहुणे," बाबा म्हणाले.

"मी उतरते," बी रुकिया म्हणाली, "मला तसंही मळमळतंय."

"आणि मग आम्ही तोंड कुठे दाखवायचं?" आत्या म्हणाली. "शेजारणीला रस्त्यात उतरवून गेली म्हणतील! बस खाली."

"मी धाकटा," म्झे फराजी म्हणाले. ते पंचाहत्तरीचे होते. "मीच उतरायला हवं."

ते उतरलेसुद्धा. बाबांनी त्यांना दंडाला धरून पुन्हा चढवलं. मग म्झे जोंगो उतरले. त्यांना चढवेपर्यंत म्झे फराजी दुसऱ्या दारानं खाली. हमादी हसत होता. सेफू इंजिन बंद करून शेंगदाणे खायला लागला. एलिनीमा समुद्राच्या दिशेनं बघत होती, आणि तिचं ते बघणं पाहून मिझाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बास!" ती ओरडली. "बास करा तुमचा चांगुलपणा! माझा बाप तिकडे काय सांगायला चाललाय ते ठाऊक आहे ना सगळ्यांना? मग हे पातेलं का बसलंय त्याच्या जागेवर? पातेल्याला कुणाला काही सांगायचंय का?"

कुणी काही बोलायच्या आत तिनं पट्टा सोडला, कडा धरल्या, हात भाजले तरी सोडल्या नाहीत, आणि पातेलं ओढून फाटकाजवळच्या बाभळीखाली आपटलं. झाकण उडालं. मूठभर पुलाव धुळीत पडला. बाभळीवर बबून होतेच.

"मग मीही इथंच बसते," आत्या म्हणाली. "अन्न असं टाकून जाणाऱ्यातली मी नाही." आणि टपावरची एक चटई, वाडग्यांचं गाठोडं उतरवून घेऊन ती बी रुकियाची छत्री उघडून पातेल्याशेजारी बसली. अशा रीतीनं दोन जागा झाल्या, एक बाबांची आणि एक एलिनीमाची. हे घरीच झालं असतं तर, असं मिझाच्या मनात आलं.

बाबा गाडीत चढले. म्हशी दिसल्या, कुणी दाखवल्या नाहीत. बाबा तेवढे ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होते, जुळवाजुळव करत असावेत. काय सांगायचं, कुठून सुरुवात करायची.

खाडीवर पोचले तेव्हा पाणी आलं होतं.

एलिनीमाला बोलावंच लागलं नाही. जिथून ओल्या वाळूवरून चालत जायचं, तिथं तिवरांच्या बुंध्यांपर्यंत गढूळ पाणी चढलं होतं आणि आणखी आत शिरत होतं, घाई न करता. पलीकडे मकुंगुनीचे नारळ अगदी जवळ दिसत होते. म्झे जोंगोंनी हात वर करून एक झाड दाखवलं आणि हात तसाच खाली घेतला.

"रात्रीच्या ओहोटीला?" हमादीनं विचारलं. आता तो हसत नव्हता.

"सूर्य मावळायच्या आत फाटकाबाहेर," एलिनीमा म्हणाली. "आजोबा, मी नियम केलेले नाहीत."

"नाही, नाही," बाबा म्हणाले. "तुझा काय दोष."

ते काठावर उभे राहिले. मिझाला वाटलं, आता ते वळतील, म्हणतील असू दे, पुन्हा कधीतरी. ती त्या वाक्याची वाटच बघत होती आणि ते आलं तर आपण काय करू हे तिला सांगता येत नव्हतं. पण बाबा वळले नाहीत. ते बुटांसकट पाण्यात उतरले.

पहिली काही पावलं कुणाला कळलंच नाही. पाणी त्यांच्या मांडीपर्यंत आलं तेव्हा एलिनीमा ओरडली, "मगर असते तिथं!" मिझा धावली. पाठीमागून तिनं त्यांचा दंड धरला.

"सोड."

"बाबा, नाही जाता येणार."

"सोड म्हणतोय ना!"

हा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. त्यांनी हात हिसडला, पण तिची पकड जास्त होती, आणि आपली ताकद आपल्या बापापेक्षा जास्त आहे याचा तिला त्या क्षणी मनापासून राग आला. हे तिनं करायचं होतं का? सगळी तयारी तिची, धावपळ तिची, आणि शेवटी हात धरून मागे ओढायचंही तिनंच. दुसऱ्या बाजूनं एलिनीमानं धरलं. बाबा थोडा वेळ झटले आणि मग उभे राहिले. पाणी त्यांच्या झग्याभोवती फुगत होतं.

मग त्यांनी दोन्ही हात तोंडाशी धरले.

"फेरुझी!"

तिवरांतून बगळे उडाले.

"फेरुझी! मी नासिबू, तुझा बाप! तुझी आई गेली रे! ऐकतोस का? ती इकडे नाही यायची, तिला आणू दिलं नाही! ती म्टोनीला आहे! समुद्र उजव्या हाताला ठेव आणि सरळ ये! मिठागरं लागतील, तिथं थांबू नको! पुढे घायपाताचं रान, त्याच्या कडेकडेनं ये, काटे लागतात! मग नदी. नदीच्या अलीकडे मशीद आहे, नवी, हिरव्या दाराची! मागे चिंच! चिंचेखाली तुझी आई आहे! फेरुझी! चिंचेखाली!"

दम लागून ते थांबले. काठावर म्झे फराजींनी दोन्ही हात उघडून दुवा मागायला सुरुवात केली होती. मिझाला वाटलं, झालं. पोचलं असेल किंवा नसेल, पण त्यांनी सांगितलं. ती त्यांना हळूच काठाकडे वळवू लागली.

बाबा वळले नाहीत. त्यांनी हात खाली घेतले होते आणि ते पाण्याकडे बघत होते.

"मिझा," ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, "त्याला चालता येत नव्हतं गं."

तिनं त्यांच्या दंडावरची पकड सैल केली.

"रांगायचा नुसता. तोसुद्धा मागे मागे जायचा. मी त्याला एवढ्या लांबची वाट सांगितली."

"नासिबू," काठावरून म्झे जोंगो म्हणाले, "लहान पोरं तिथं पाखरं होतात. उडत येईल तो."

"आणि नसेल झाला तर?"

पाणी बाबांच्या कंबरेपर्यंत आलं होतं आणि एलिनीमा हलक्या हातानं त्यांना मागे ओढत होती. त्यांनी पुन्हा हात तोंडाशी नेले. या वेळी आवाज फाटला.

"फेरुझी! जागचा हलू नको! ऐकलंस का? कुठेही जाऊ नको, बाळा, तिथंच थांब! मी जाऊन तिला सांगतो! तीच येईल तुझ्याकडे!"

मग ते आपणहून काठावर आले.

परतताना ते सेफूच्या शेजारी बसले, ओल्या झग्यानं, पुढे बघत. फाटकापाशी तातूआत्या बाभळीखाली चटई अंथरून बसली होती, पानं मांडलेली, हातात बबूनांसाठी काठी. तिनं गाडी येताना पाहिली, भावाचा चेहरा पाहिला आणि काठी खाली ठेवली. गाडी थांबली. पाहुणे उतरले. बी रुकिया, म्झे जोंगो, म्झे फराजी, सगळे बाबांच्या दाराशी येऊन उभे राहिले, कारण यजमान उतरल्याशिवाय पानावर बसायचं कसं?

"ये, भाऊ," आत्या म्हणाली. "दोन घास खा. सगळे थांबलेत तुझ्यासाठी."

बाबांनी दार उघडलं नाही.

"तुम्ही जेवा," ते म्हणाले. "मी थांबणार नाही. सेफू, गाडी चालू कर. मला आधी चिंचेपाशी सोड, मग यांना न्यायला परत ये."

"अरे, पण पाहुणे," आत्या म्हणाली, "असं पाहुण्यांना टाकून..."

"पाहुणे म्हातारे आहेत, तातू, त्यांना थांबता येतं," बाबा म्हणाले. "पोराला मी जागचं हलू नको म्हणून सांगून आलोय. चल, सेफू."